प्रोटेस्ट लिहिणारा बॅक

नागपुरात फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही एखाद्या सेंटर फॉरवर्डचं नाव विचारा. तो नाव सांगेल, त्यानं कोणाला किती गोल मारले ते सांगेल, आणि थोडा वेळ दिलात तर त्याच्या सासुरवाडीचा पत्ताही देईल. मग त्याच टीमच्या बॅकचं नाव विचारा. "होता ना एक. उंच होता. नाही, बुटका होता."

तो बुटका मी. एका मिलच्या टीमचा डावा बॅक म्हणून मी अकरा हंगाम खेळलो, आणि माझ्या नावावर एकही गोल नाही. स्वतःच्याच टीमवर घातलेला एक आहे, तो पुढे सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पुढे दोन बॅक असतात, एक उजवा, एक डावा. समोरून चेंडू घेऊन पाच जण येतात आणि त्यांना काही करू द्यायचं नसतं. संध्याकाळी मैदानावर काही घडलं नाही, तर समजावं की बॅकनं काम केलं. घरात चोरी झाली नाही म्हणून चौकीदाराला कोणी हार घालत नाही, तसंच हे.

मी बी.ए. आहे. हे मी सांगतोच, कारण आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. पाचपावलीला आमचा हातमाग होता. बाबा लुगडी विणायचे, आई कांड्या भरायची, आणि मी मागाच्या खड्ड्याशेजारी बसून इंग्रजी कविता पाठ करायचो. बी.ए. दुसऱ्या वर्गात पास झालो तेव्हा आळीत पेढे वाटले. त्यानंतर सात महिने घरी बसलो.

मग एका मिलमध्ये अर्ज केला. मॅनेजर साहेब स्कॉटलंडचा माणूस. मी सर्टिफिकेटं पुढे ठेवली, ती त्यानं उघडलीही नाहीत. त्यानं मला कॉलेजच्या टीमकडून खेळताना पाहिलं होतं. विचारलं, "कोणत्या पायानं मारतोस?"

"दोन्ही, सर."

"सोमवारी ये."

टाइम ऑफिसात, म्हणजे मजुरांची हजेरी मांडतात तिथे, कारकुनी मिळाली. घरी येऊन सांगितलं तर बाबांनी मागावरून मान वर केली नाही. म्हणाले, "पायानंच नोकरी लागाची होती, तर मंग डोक्यावर एवढा खर्च काहून केला?"

हंगामात आम्हा खेळाडूंना चार वाजता सुट्टी. बाकीचे नऊ खेळाडू खात्यांतले मजूर होते, दहावे भगवंतराव, आणि अकरावा मी, टीममधला एकुलता एक इंग्रजी वाचणारा. मला सगळे 'बीए' म्हणत. भगवंतराव आमचे कॅप्टन, कापडखात्यात जॉबर, म्हणजे मजुरांचे मुकादम. गळा असा की मैदानावर ओरडले तर पंचही थांबायचा. आणि उजवा बॅक सोनबा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे कामाला. अंगाला कायम उकडलेल्या खळीचा वास, आणि ओठावर एवढी मोठी मिशी की गोरे सोजीर तिच्याचकडे पाहत राहायचे आणि चेंडू गमवायचे.

बॅकची विद्या मला सोनबानं शिकवली. पहिल्याच सरावात त्यानं मला तीनदा चकवलं आणि विचारलं, "तू कुठं पाहून राहिला होता गा?"

"चेंडूकडे."

"चेंडू खोटं बोलते. पायबी खोटं बोलते. कमरेकडे पाह. माणसाची कंबर जिकडं वळली तिकडंच तो जाते, त्याले दुसरीकडं जाताच येत नाही."

हे एवढं एक वाक्य मला कॉलेजच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पुढे ऑफिसातही उपयोगी पडलं.

आम्ही अनवाणी खेळायचो. घोट्याला कापडाची पट्टी, बस. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्यांच्या पायात बूट. त्यांचा एक सार्जंट होता, रेड्यासारखा. त्यानं एकदा माझ्या अंगठ्यावर पाय दिला आणि नख घेऊन गेला. मॅच संपल्यावर माणूस स्वतः आला, "सॉरी" म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःचे जुने बूट पाठवून दिले. मला फार वाटलं की बी.ए. झालेल्या माणसानं बूट घालून खेळावं. घातले. ते दोन बोटं मोठे होते, पुढे मी कापूस कोंबला. दहाव्या मिनिटाला गोलीकडे चेंडू सरकवायला गेलो, तर चेंडू आणि बूट दोन्ही आमच्याच गोलाकडे. गोलीनं बूट अडवला.

सोनबा गोलीपाशी गेला. बूट उचलून आणून दिला आणि म्हणाला, "दुसराबी काढून ठेव. जोडी तुटली तं कोणाच्याच कामाची राहात नाही."

आता प्रोटेस्टचं सांगतो, कारण माझं नाव झालं ते त्यात.

त्या वेळी टूर्नामेंटमध्ये अशी रीत होती की हरलेल्या टीमला हरकत घ्यायची असेल तर ती लेखी, इंग्रजीत, कॅप्टनच्या सहीनं, त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत सेक्रेटरीच्या घरी पोचली पाहिजे. सेक्रेटरी म्हणजे धंतोलीतले एक म्हातारे वकील. कमिटी बसायची, आणि पटलं तर मॅच पुन्हा किंवा उलटा निकाल. यात एक गोष्ट समजून घ्यायची. पंचाच्या डोळ्यांवर प्रोटेस्ट चालत नाही. त्यानं गोल दिला, फाऊल दिला, ऑफसाइड दिलं नाही, ते झालं. कमिटी असा कागद पहिल्या ओळीत फेकते. प्रोटेस्ट चालतो तो नियमावर: मैदानाचं माप, चेंडूचं वजन, खेळाडूचं नाव. मी नियमांचं पुस्तक विकत घेतलं होतं आणि ते इंग्रजी कवितांसारखंच पाठ केलं होतं.

पहिला प्रोटेस्ट हिंगणघाटच्या टीमविरुद्ध. त्यांनी आम्हाला एका गोलानं हरवलं. मॅचनंतर मी मिलचा गज घेऊन गोलाची उंची मोजली. वरचा बांबू मध्ये झोळ खाऊन चार बोटं खाली आला होता. दोन्ही टीम त्याच बांबूखाली खेळल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम. मी दीड पान लिहिलं. कमिटीनं मॅच पुन्हा घ्यायला सांगितली, पाच दिवसांनी. हिंगणघाटवाल्यांना पुन्हा सुट्टी मिळेना, ते आलेच नाहीत, आणि आम्ही पुढच्या फेरीत. भगवंतरावांनी मला खांद्यावर घेतलं. मॅनेजर साहेबानं त्या दिवशी पहिल्यांदा माझी सर्टिफिकेटं मागवून वाचली.

फक्त एक झालं. निकालाच्या संध्याकाळी त्यांचा कॅप्टन सेक्रेटरीच्या फाटकाबाहेर उभा होता, पिकल्या केसांचा, तिकडच्या मिलमध्ये सूत कातणारा. त्यानं मला थांबवलं. "बाबू, गोल झाला होता का नव्हता?"

"झाला होता."

"बस. एवढंच पुसाचं होतं."

ते मी सोनबाला सांगितलं, हसत. तो हसला नाही. म्हणाला, "आपण बॅक हावो गा. गोल अडवाचा असते. झालेला गोल मागून चोराचा नसते."

तरी मी आणखी पाच प्रोटेस्ट लिहिले, आणि चार जिंकले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मैदानावर माझं नाव कोणी घेत नव्हतं, पण कमिटीत वकील लोक माझं इंग्रजी मोठ्यानं वाचायचे.

मग तो हंगाम आला. पहिल्याच फेरीत सोनबाचा गुडघा गेला. सुजून भोपळा झाला. मिलच्या डॉक्टरनं दोन महिने सांगितले, आणि मिलनं दुसऱ्याच आठवड्यात त्याचं नाव काढून टाकलं. त्याला ठेवला होता तो खेळासाठी, खेळ गेला तर खळ लावायला दुसरे पुष्कळ. मस्टरावरून त्याचं नाव खोडलं ते टाइम ऑफिसातल्या कारकुनानं, म्हणजे मी. लाल शाईनं, पट्टी ठेवून.

सोनबा गावी गेला. तिथल्या हाडवैद्यानं गुडघा बांधला, आणि पावसानं टूर्नामेंट लांबली तेवढ्यात तो बराही झाला. परत आला तर त्याच्या जागी नवा माणूस. घरी बायको आणि तीन मुली. शेवटी कामठीच्या एका जिनिंगवाल्या सेठनं त्याला कपाशीच्या गंज्यांवर पहारेकरी म्हणून घेतलं. अट एकच, टीममध्ये बॅक खेळायचा. आता नियम असा की एका टूर्नामेंटमध्ये एक माणूस दोन टीमकडून खेळू शकत नाही, आणि सोनबा पहिली फेरी आमच्याकडून खेळला होता. सेठच्या लोकांनी त्याचं नाव लिहिलं मारोती, आणि त्याची मिशी काढली.

फायनल आमची आणि त्यांची. किल्ल्यासमोरच्या मैदानावर उभं राहायला जागा नव्हती. समोरच्या टीमचा उजवा बॅक चालत आला आणि मी ओळखला. मिशीशिवाय तो उपासाला बसलेल्या माणसासारखा दिसत होता, पण ते कमरेवर हात ठेवून उभं राहणं दुसऱ्या कोणाचं नव्हतं. आमच्या दहाही जणांनी ओळखलं. लोकांनीही ओळखलं असणार. ओळखलं नाही ते छावणीतून नव्यानं आलेल्या गोऱ्या पंचानं, आणि आमच्या मॅनेजर साहेबानं, ज्यानं त्याला कामावरून काढण्याच्या कागदावर सही केली होती.

नाणेफेकीच्या वेळी तो माझ्याजवळून गेला आणि पुटपुटला, "मी मारोती हाओ."

"बरं मारोतीभाऊ," मी म्हटलं.

एवढं ठरवूनही घोळ माझ्याच हातून झाला. अर्धी मॅच होत आली असेल. आमच्या फॉरवर्डला अडवून सोनबा चेंडू घेऊन माझ्या बाजूला वळला. त्याच्या मागून आमचाच दुसरा फॉरवर्ड धावत येत होता. सात वर्षांची सवय. मी जोरात ओरडलो, "सोनबाभाऊ, मागं हाये, सोड."

त्यानं सोडला. चेंडू सरळ त्यांच्या सेंटर फॉरवर्डला मिळाला. तो घुसला, मी जीव तोडून मागे पळालो आणि गोलरेषेवर आमच्या गोलीशेजारी जाऊन उभा राहिलो. चेंडू आमच्या दोघांच्या मधून गेला. मॅच संपली तेव्हा तोच एक गोल होता.

लोक पोट धरून हसत होते. भगवंतराव हसत नव्हते. पट्ट्या सोडायच्या आत ते माझ्याजवळ येऊन बसले.

"बीए, कागद काढ."

"कशाचा?"

"वेड नको घेऊ. साऱ्या मैदानाले आयकू गेलं. तो सोनबा होता. लिही तसं."

"त्याची नोकरी जाईल, भगवंतराव."

"अन् या पोरांचे मेडल? यायनं महिनाभर चार वाजेनंतर काय माती खाल्ली का? मले त्याचं वाईट वाटत नाही असं नाही गा. पण तो आपल्या समोर उभा होता का नव्हता?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. नियम आमच्या बाजूचा, साक्षीदार हजार, आणि असा सोपा प्रोटेस्ट मला आयुष्यात मिळाला नव्हता. एक ओळ लिहिली की कप आमचा. मॅनेजर साहेबही तिथे आला. हेड टाइमकीपरची जागा रिकामी होती हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगला लिही."

मी आमच्या ट्रंकेवर कागद ठेवून लिहायला बसलो. सगळी टीम भोवती. तारीख घातली, मायना घातला. मग ठरलेल्या जागी सोनबाचं नाव यायला हवं होतं. तिथे मी लिहिलं की विरुद्ध टीमचा गोल आमच्या मते स्पष्ट ऑफसाइड होता, तरी पंचसाहेबांनी तो दिला, सबब निकाल रद्द व्हावा.

ऑफसाइड म्हणजे गोल मारणाऱ्याच्या पुढे समोरच्या टीमचे निदान दोघं हवेत, नाहीतर गोल धरत नाहीत. इथे गोली आणि मी, दोघेही गोलरेषेवर उभे होतो. हा गोल ऑफसाइड असणं म्हणजे भर दुपारी चांदणं पडणं. शिवाय हा पंचाच्या डोळ्यांचा प्रश्न. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी मेलेला.

भगवंतरावांनी विचारलं, "झालं? त्याचं नाव आलं बरोबर?"

"आलं."

त्यांनी सही केली. मोडीत, जाड, एकेक अक्षर दाबून. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि माझ्या इंग्रजीवर त्यांचा देवासारखा भरवसा होता. मॅनेजर साहेबाला कागद दाखवायची वेळ येऊ नये म्हणून मी लगेच सायकलवर टांग टाकली आणि धंतोली गाठली.

वकीलसाहेब ओसरीवर दिवा लावत होते. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बी.ए. ना?"

"हो."

"आणि बॅक?"

"हो."

"दोन्ही?"

त्यांनी कागदाची घडी घातली. मॅच पाहायला तेही आले होते, पुढच्या खुर्चीत. म्हणाले, "ठीक आहे. कमिटीसमोर ठेवतो. फार वेळ लागायचा नाही."

लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला: फेटाळला. कारण मीच भगवंतरावांना वाचून दाखवलं, आणि तेही खोटं वाचलं. म्हटलं, माणूस सोनबाच होता याला पुरावा पुरत नाही म्हणतात. मॅनेजर साहेब मात्र सेक्रेटरीला क्लबात भेटला आणि त्याला खरं कळलं. मला बोलावून त्यानं एवढंच विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय ते सांग. मी सांगितलं. हेड टाइमकीपरची जागा एका मॅट्रिक झालेल्या माणसाला गेली. मी पुढची चार वर्षं त्याच्या हाताखाली होतो, आणि पुन्हा मला कोणी प्रोटेस्ट लिहायला सांगितला नाही.

माझ्या जागेचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते त्या नऊ पोरांचं आणि भगवंतरावांचं. त्यांचं मेडल मी त्यांना न विचारता देऊन टाकलं, त्यांच्याच कॅप्टनच्या सहीनं, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही याचा फायदा घेऊन. माझ्या शिक्षणाचा एवढा वाईट उपयोग मी दुसऱ्यांदा केला नाही. भगवंतराव, हा अंक तुमच्या घरी येतो हे मला माहीत आहे. कोणी वाचून दाखवला, तर या आणि काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मी घरीच असतो.

सोनबाचं वेगळंच झालं. कामठीला कोणीतरी त्याला सांगितलं की बीएनं प्रोटेस्टात तुझं नाव घातलं होतं, कमिटीनं ऐकलं नाही म्हणून वाचलास. ते खरं मानण्यात त्याची चूक नव्हती. सगळी टीम तेच सांगत होती, आणि टीमला ते मीच सांगितलं होतं. मैदानावर भेटला की तो दुसरीकडे बघायचा. मी खरं सांगायला जावं तर ते दोन दिवसांत भगवंतरावांपर्यंत पोचणार. असे चार हंगाम गेले. मग आम्ही दोघंही खेळायचं थांबलो.

मागच्या वर्षी मी मिलच्या कामानं कामठीला गेलो होतो. सेठच्या जिनिंगच्या फाटकावर खाटेवर सोनबा बसलेला. मिशी परत आली होती, पांढरी. मला पाहून उठला नाही, पण सरकून जागा केली.

"बस. चहा घेशीन?"

चहा आला. बराच वेळ आम्ही कापसाच्या गाड्या मोजत बसलो. मग तो म्हणाला, "एक सांगू का, बीए? तू माह्यं नाव लिहिलं, ते मले लई लागलं होतं. दोन वर्षं लागलं. मंग वाटलं, याच्यात तुह्यं काय चुकलं? तुह्या टीमचं काम तू केलं. मले लिहिता येत असतं, तं मीबी लिहिलं असतं. आता माह्या मनात काही नाही."

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. पण त्यानं ते इतक्या वर्षांनी, इतक्या जड हातानं उचलून बाजूला ठेवलं होतं की मला बोलवेना. मी चहा पीत राहिलो.

"पण काय लिहिलं होतं गा माह्याबद्दल?" तो म्हणाला. "इंग्रजीत काय काय लिहिलं? एकडाव म्हणून तं दाखव."

आता आली पंचाईत. मी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि सावकाश म्हटलं, "देअर इज ओन्ली वन सच बॅक इन ऑल नागपूर."

"म्हणजे?"

"म्हणजे असा बॅक साऱ्या नागपुरात एकच हाये. त्यानं मिशी काढली का नाव बदललं, तरी तो सोनबाच. दुसऱ्या कोणाले तसं खेळता येत नाही."

सोनबानं ते ऐकलं. मिशीवरून हात फिरवला. फाटकाबाहेर एक गाडी अडली होती तिकडे थोडा वेळ बघत राहिला.

"एवढं चांगलं लिहिलं होतं," तो म्हणाला, "तं मंग कमिटीनं मानलं काहून नाही?"

"कमिटीले फुटबॉल समजत नाही, सोनबाभाऊ," मी म्हटलं.